फुगवायच्या काईटमधून हवा जातेय, कापड पण फाटलंय. नाशिकमध्ये घरच्या घरी जमेल का?

वारावेडा_नाशिक

नमस्कार मंडळी, आधीच सांगून टाकतो की हा संक्रांतीचा पतंग नाहीये. काईटबोर्डिंगचा आहे, म्हणजे पायाखाली बोर्ड, कमरेला हार्नेस आणि वर हवा भरून फुगवलेला काईट. गेल्या वर्षी रामेश्वरमला शिकलो आणि तिथंच एकाकडून ९ मीटरचा सेकंडहँड घेतला (मीटर म्हणजे चौरस मीटर हो, लांबी नाही, घरी आई लांबी समजून घाबरली होती). ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पुढच्या कडेला जाडजूड नळी असते ती लीडिंग एज, तिच्यापासून मागे जाणाऱ्या तीन बारीक नळ्या म्हणजे स्ट्रट. बाहेरून डेक्रॉनचं जाड कापड आणि आत पातळ प्लास्टिकची लांबच लांब पिशवी, तिला ब्लॅडर म्हणतात.

फेब्रुवारीत शेवटचा उडवला, आल्यावर बॅग तशीच गॅलरीत पडली, ऑफिसच्या गडबडीत उघडलीच नाही. परवा रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये फुगवला तर पाऊण तासात लीडिंग एज लोळागोळा. वर कॅनोपीला, म्हणजे मधल्या पातळ कापडाला, १२ सेंमीचा टरका आहे तो वेगळाच. तिकडे समुद्राच्या कडेने जिथं तिथं वेडी बाभूळ आहे, उतरवताना काईट तिच्यात गेला होता, तेव्हा टेप लावून वेळ मारून नेली, आता ती टेप पण सुटली. आणि एका टोकाजवळ डेक्रॉन घासून घासून पांढरं पडलंय, दोरे दिसतात, भोक नाहीये अजून.

सीबीएसजवळच्या पंक्चरवाल्याला फोटो दाखवला तर तो म्हणे आणा, ५० रुपयात करून देतो. देऊ का? की कुरिअरने दक्षिणेत पाठवू? जूनमध्ये परत जायचंय, तेव्हा दक्षिणेचा वारा चालू असतो. इथं कोणी केलंय का हे काम?

पंचवटीकर_७

भो मी हेडिंग वाचून उघडलं की पतंगाला चिकी कशी लावायची ते सांगावं म्हणून, इथं तर वेगळीच भानगड निघाली. पतंगाचं काम असतं तर येवल्याला पाठवला असता तुला, तिथं आसारी, म्हणजे मांज्याची फिरकी, धरलेला शेंबडा पोरगा पण सांगेल. संक्रांतीला गच्चीवर फुगवला नव्हतास ना? कोणाच्या तरी नायलॉन मांज्याने काटला असेल, बंदी असून पण सर्रास चालतो तो.

एक सिरियस प्रश्न, गंगापूर धरणावर उडवतोस का हे? बघायला येतो.

वारावेडा_नाशिक

नाही हो दादा, ते पिण्याचं पाणी आहे आपल्या अख्ख्या नाशिकचं, तिथं हे घेऊन उतरायचा विचार पण करत नाही. शिवाय डोंगरांमुळे वारा असा झटक्याझटक्याने येतो की माणूस पाण्याऐवजी झाडावर सापडेल.

अंबड_फिटर

मला काईटमधलं ओ की ठो कळत नाही, पण हवेच्या लाइनचे लीकेज शोधण्यात १४ वर्षं गेलीत एमआयडीसीत, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, लीक आहे हे आधी नक्की कर. तू दुपारी पार्किंगमध्ये फुगवलास का? हवा ४० डिग्रीला भरली आणि संध्याकाळी २५ झाली तर भोक नसताना पण प्रेशर पडतं. ७ पीएसआय भरलं असशील तर त्यातला जवळपास १ पीएसआय नुसता गारव्याने जातो, हिशोब करून बघ, त्यात बाहेरच्या हवेचा दाब पण धरावा लागतो. उलटं पण आहे, सकाळी गारव्यात टाईट भरून उन्हात सोडलास तर प्रेशर वाढतं. पण तुझं पाऊण तासात लोळागोळा झालंय, ते गारव्याने होत नाही, ते लीकच आहे.

दुसरी गोष्ट, एकदम सगळ्याला साबण फासत बसू नकोस. आम्ही आधी लाइनचे तुकडे पाडतो. तुझ्या चार नळ्या एकमेकींना जोडलेल्या असतील ना? मग जो काही कॉक-क्लिप असेल तो लावून प्रत्येक वेगळी कर आणि रात्रभर सोड. सकाळी जी मऊ ती चोर. हवा जाते पुढच्या नळीतून असं तुला दिसतंय, पण खरं भोक मागच्या एखाद्या नळीत असून पुढची हवा तिकडून जात असेल. हे न करता लोक अख्खी मशीन खोलतात आणि शेवटी दोन रुपयाचा ओ-रिंग निघतो.

खारावारा

फिटर दादांनी अर्धं काम सांगितलंच. मी मूळचा देवळाली कॅम्पचा, ८-९ वर्षं काईट करतो, माझे स्वतःचे तीन काईट घरीच दुरुस्त केलेत, त्यातला एक बिघडवला पण, तो कसा ते पुढे सांगतो.

पंक्चरवाल्याकडे नेऊ नकोस. त्याचं सोल्यूशन रबरासाठी असतं, ट्यूबच्या रबरात ते मुरतं. आपलं ब्लॅडर रबराचं नाही, टीपीयू नावाचं प्लास्टिक आहे, अगदी पातळ. त्यावर ट्यूबचा पॅच दिवसभर बसल्यासारखा वाटतो आणि मग कडेने उचलतो. तो पंक्चरवाला कानशीने घासतो पण, तेवढ्यात तर तुझं ब्लॅडर आरपार जाईल.

आता शोधायचं कसं. क्लिप लावून रात्रभर ठेवणं झालं, लीडिंग एजच चोर निघाली असं धरू. तरी ब्लॅडर बाहेर काढायची घाई करू नकोस. आधी व्हॉल्व्ह बघ. भांडी घासायचं लिक्विड पाण्यात घालून स्प्रे बाटलीने व्हॉल्व्हच्या झाकणावर, बुडाशी, आणि नळ्या जोडणाऱ्या पाइपच्या दोन्ही टोकांना मार. पाइपवरची प्लास्टिकची पट्टी ढिली झालेली असते, किंवा व्हॉल्व्हच्या आतल्या पडद्यात वाळूचा एक कण अडकलेला असतो. माझ्या अनुभवात जुन्या काईटची हवा कापडापेक्षा व्हॉल्व्हपाशीच जास्त वेळा जाते. व्हॉल्व्हचं बूड ब्लॅडरला चिकटवलेलं असतं, तो गोंद उन्हाने सुटतो, म्हणून गाडीच्या डिकीत काईट ठेवायचा नाही, नाशिकच्या एप्रिलमध्ये तर अजिबातच नाही.

व्हॉल्व्हपाशी बुडबुडे नाही आले तर मग ब्लॅडर बाहेर. हवा पूर्ण काढ, पंप उलटा लावून ओढून घेता येते. दोन्ही टोकांना कापडाची घडी किंवा वेल्क्रो असतो, ते उघडून ब्लॅडरच्या दोन्ही टोकांना एकेक बारीक दोरी बांध, चांगली लांब. हे विसरलास तर परत घालताना रडशील, कारण सहा-सात मीटरची निसरडी पिशवी त्या नळीत हाताने ढकलून जात नाही, दोरीने ओढावीच लागते. व्हॉल्व्ह त्यांच्या भोकातून आत ढकल आणि मधल्या उघडणाऱ्या जागेतून हळूहळू बाहेर ओढ, दोरी मागोमाग आत जात राहील. ओढायच्या आधी कुठली बाजू वर आणि कुठला व्हॉल्व्ह डावीकडचा ते पेनाने लिहून ठेव. तेव्हा सगळं लक्षात आहे असंच वाटत असतं.

आणि आता माझा बिघडवलेला काईट. ब्लॅडर बाहेर काढलं, उत्साहाच्या भरात पंप मारत गेलो, मारत गेलो, आणि ते एका जागी भोपळ्यासारखं फुगलं. बाहेरचं डेक्रॉनच ब्लॅडरला आकारात धरून ठेवतं, ते नसताना ब्लॅडरमध्ये काही दम नसतो. तो फुगलेला भाग परत कधी सरळ झाला नाही, ९ हजारांचं नवीन ब्लॅडर घ्यावं लागलं. म्हणून बाहेर काढल्यावर फक्त आकार येईल इतकीच हवा, उशीसारखी मऊ.

मग २०० लिटरचा निळा ड्रम असतो ना पाण्याचा, त्यात थोडं थोडं करून बुडवत जा आणि हाताने दाबत जा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तर बुडबुडा पण मोहरीएवढा येतो, आणि दर दोन-तीन सेकंदांनी एक, त्यामुळे टीव्ही बघत करायचं काम नाही हे. सापडलं की पुसून कोरडं कर आणि त्याच्याभोवती पेनाने मोठा गोल काढ, पॅचपेक्षा मोठा, कारण शाईवर गोंद नीट बसत नाही. एक सापडलं म्हणून थांबू नकोस. बाभळीचा काटा एकटा कधी येत नाही.

वारावेडा_नाशिक

दादा बाप रे, सेव्ह करून ठेवलं. दोन शंका. पॅच कुठला? आमच्या पोरीच्या स्विमिंग टबसोबत पॅच आले होते ते चालतील का? आणि फेविक्विक एका थेंबात काम होईल का, भोक बारीकच असेल तर?

खारावारा

फेविक्विक नको, ते वाळल्यावर काचेसारखं कडक होतं, आणि ब्लॅडर तर घडीघडीला वाकतं, मग त्या कडक थेंबाच्या कडेनेच नवीन चीर पडते.

टबचे पॅच पण नकोत, टब व्हिनाइलचा असतो. टेअर-एड म्हणून चिकटपट्टी येते तिचे दोन प्रकार आहेत, ए आणि बी. बी व्हिनाइलसाठी, आपल्याला ए पाहिजे. पाकिटावर नीट बघून घे, दोन्ही दिसायला सारखेच पारदर्शक असतात. अगदी टाचणीच्या टोकाएवढं भोक असेल तर युरेथेनचा गोंद येतो, तंबू आणि वॉटरप्रूफ कपड्यांच्या शिवणीला लावतात तो, त्याचा एक थेंब पसरवून रात्रभर वाळू द्यायचा, लवचिक राहतो.

चिकटवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, मेडिकलमध्ये किंवा मोबाईल रिपेअरवाल्याकडे मिळतं. थिनर किंवा ॲसिटोन लावलंस तर ती पातळ फिल्म सुरकुतते. पॅचचे कोपरे गोल काप, चौकोनी कोपरा घासला जाऊन उचलतो. भोकाच्या सगळ्या बाजूंनी किमान २ सेंमी पॅच पाहिजे. सपाट जागी ठेवून चमच्याच्या पाठीने मधून बाहेर दाबत जा.

रायडर_बाबा

उगाच घाबरवताय त्याला. मी गोव्यात ट्यूबचाच पॅच लावलेला सोल्यूशनने आणि मस्त चालला. एवढं अल्कोहोल-बिल्कोहोल काही लागत नाही.

खारावारा

किती दिवस चालला?

रायडर_बाबा

५ दिवस. पण ट्रिपच ५ दिवसांची होती ना.

पंचवटीकर_७

हाहाहाहा

सुईदोरा_नाशिकरोड

मी काईट कधी पाहिला पण नाही, पण माझं पिको-फॉलचं आणि शिलाईचं दुकान आहे नाशिकरोडला, ११ वर्षं झाली, आणि ट्रेकवाल्या पोरांचे तंबू, बॅगा, पावसाळी जॅकेटं माझ्याकडे येतात म्हणून कापडाचं सांगते.

तुम्ही फोटो टाकलाय तो साधा टरका नाही दादा, तो खोंबारा आहे, म्हणजे एका जागी अडकून दोन दिशांना फाटलाय. सरळ चिरेपेक्षा खोंबारा वाईट, कारण त्याचा जो कोपरा असतो तिथून तो पुढे पळतो. ते बारीक चौकडीचं कापड मला माहितीये, रिपस्टॉप, त्यातला जाड दोरा चीर अडवतो म्हणून ते वापरतात. पण कोपऱ्यावर दोन्हीकडून ओढ येते तेव्हा तो दोरा पण दमतो.

काय करायचं, कापड आधी गोड्या पाण्याने धुवा, मीठ राहिलं तर कुठलीच टेप धरणार नाही. जुन्या टेपचा चिकटा अल्कोहोलने काढा. मग गुळगुळीत टेबलावर, आमच्याकडे कटिंगचं टेबल असतं तसं, कापड ताणून न धरता नुसतं पसरून फाटलेल्या कडा एकमेकींना अगदी भिडवा, त्या चौकडीच्या रेघा जुळल्या पाहिजेत, आणि मागून साध्या कागदी टेपने तात्पुरतं धरा. वरून रिपस्टॉपची चिकटपट्टी लावा, कोपरे गोल. मग उलटं करून कागदी टेप काढून दुसऱ्या बाजूने पण लावा. बोटभर लांबीचं असतं तर एवढ्यावर भागलं असतं, पण १२ सेंमी आणि वर खोंबारा म्हणजे शिवण पाहिजेच.

शिवण सरळ नको, झिगझॅग पाहिजे. कापड ताणलं की सरळ टाक्याचा दोरा तुटतो, झिगझॅग थोडा सरकून देतो. पिकोचं मशीन झिगझॅगच मारतं हो, साडीच्या काठाला बघा तुमच्या घरी. फक्त पिकोवालीला सांगा की टाका दाट नको, लांब आणि रुंद ठेव. आम्हाला साडीची सवय, दाट मारत जातो. या कापडाला दाट मारला तर इतकी भोकं पडतील की पोस्टाच्या तिकिटासारखं त्याच रेघेवर फाटून येईल. दोरा पॉलिस्टरचा घ्या, सुती कुजतो. सुई नवी आणि बारीक, १० किंवा १२ नंबर. पॅचच्या कडेने आत एक फेरी, बस. फाटलेल्या रेघेवर टाका मारायचा नाही, ते कापड आधीच गेलेलं असतं.

एक गंमत, ती चिकटपट्टी शिवताना सुईला गोंद लागतो आणि टाके सुटायला लागतात. मग दर थोड्या वेळाने सुई त्या अल्कोहोलनेच पुसायची. हे मी एका तंबूवर दोन तास डोकं फोडून शिकले.

वारावेडा_नाशिक

ताई किती छान समजावलंत. तुमच्याकडेच घेऊन येऊ का? आणि ते डेक्रॉन घासलंय तिथं पण शिवायचं का?

सुईदोरा_नाशिकरोड

या की, पण आधी धुवून वाळवून आणा, समुद्राची वाळू माझ्या मशीनमध्ये नको. मे महिन्यात लग्नसराई आहे, ब्लाउजच्या गठ्ठ्यातून वेळ काढते. डेक्रॉनचं मला ठाऊक नाही, हात लावून बघितल्याशिवाय सांगणार नाही.

अंबड_फिटर

डेक्रॉनचं मी सांगतो, कारण तो गणिताचा विषय आहे. फुगलेली नळी म्हणजे प्रेशर व्हेसल. ७ पीएसआय आणि २० सेंमी व्यास धरला तर नळीच्या लांबीच्या दर सेंटिमीटरला कापडावर जवळपास ५ किलोची ओढ येते. म्हणजे १० सेंमीची आडवी-तिडवी नाही, लांबीच्या दिशेने चीर पडली तर तिथं ५० किलो तिला दोन्हीकडे ओढतंय, एक पोतं सिमेंट. नुसत्या चिकटपट्टीवर ते तुम्ही सोडाल का?

खारावारा

वा दादा, हे मी आजवर कोणाला एवढं सोपं करून सांगू शकलो नव्हतो.

म्हणूनच डेक्रॉन फाटलं की बरोब्बर तिथून ब्लॅडर गळूसारखं बाहेर येतं आणि फट्. डेक्रॉन फाटलेलं असेल तर डेक्रॉनचाच पॅच, आणि दोन-तीन ओळी झिगझॅग, जाड सुईने. हे घरच्या मशीनवर करू नये असं माझं मत, तिरकं बसलं तर काईट एका बाजूला ओढत राहतो. पण तुझं अजून फाटलेलं नाही, नुसतं घासलंय, तर वरून चिकटणारा डेक्रॉनचा तुकडा लाव, पुढे घासेल तर तो घासेल. वाळूत काईट ओढत नेत असशील, ती सवय सोड आधी.

आणि ताईंकडे लीडिंग एजच्या जवळ कुठेही शिवायचं असेल तर ब्लॅडर आधी बाहेर काढून जा. हसू नका, माझ्या ओळखीच्या एकाने ब्लॅडरसकट शिवून आणला होता. २३ भोकं. मोजली आम्ही.

पंचवटीकर_७

मी आता रोज हा धागा बघायला येतो, मालिकेपेक्षा बरा चाललाय. एक अडाणी प्रश्न, मुळात फुगवायचाच कशाला? आपला पतंग दोन कामट्यांवर उडतो की.

खारावारा

अडाणी नाही, मुद्द्याचा आहे. कामट्यांचा पतंग पाण्यात पडला की संपला, उचलायला कोण जाणार. फ्रान्समधल्या लेगेन्यू भावांनी १९८४ साली फुगवायच्या काईटचं पेटंट घेतलं ते याचसाठी. नळ्यांत हवा असल्यामुळे तो पाण्यावर तरंगतो, आकार धरून राहतो, आणि तुम्ही पाण्यातूनच दोरी ओढून परत उडवू शकता. आता समजा अर्ध्या समुद्रात लीडिंग एजची हवा गेली, तर काईट मधून मिटतो, उडत नाही, आणि तुम्हाला पोहत यावं लागतं. म्हणून पाऊण तासात बसणारा काईट घेऊन कोणी पाण्यात जाऊ नये, "जाताना परत हवा भरू" म्हणून तर मुळीच नाही.

वारावेडा_नाशिक

१६ दिवसांनी येतोय, आधी माफी, पण सगळं सांगतो.

फिटर दादा, तुमचं ऐकलं, क्लिपा लावून रात्रभर हॉलमध्ये ठेवला, बायको म्हणे घरात मगर आणून ठेवलीय. सकाळी तिन्ही स्ट्रट कडक आणि लीडिंग एज मऊ, म्हणजे चोर तीच. मग साबणाचं पाणी मारलं तर मोठ्या व्हॉल्व्हच्या बुडाशी फेसच फेस. म्हटलं सापडलं, संपलं. पण खारावारा दादा म्हणालेले एकावर थांबू नको, म्हणून ब्लॅडर पूर्ण काढलं. दोऱ्या बांधल्या. सोसायटीच्या माळीकाकांचा ड्रम आणला, गच्चीवर दोघं बसलो, मी बुडवतोय आणि काका बघताहेत. सव्वा तास काही नाही, मी गुंडाळायला लागलो तर काकाच म्हणाले, "थांबा साहेब, आला बघा एक." खरंच मोहरीएवढा. त्यांची नजर ठिबकच्या नळ्या बघून तयार झालेली, शेतात बारीक लीक तेच शोधतात म्हणे.

व्हॉल्व्ह सुटलेला होता तो पूर्ण सोलून काढला, हळूहळू, अर्धा तास लागला, आणि तयार चिकटवायचा व्हॉल्व्ह मागवला होता तो लावला. पार्सल यायला ८ दिवस गेले, दिरंगाई त्याचीच. बुडाचा व्यास आणि भोकाची जागा जुन्याशी मोजून घेतली. २४ तास वर जाड पुस्तकं ठेवून दाबला.

आता माझी चूक. परत घालताना सरकावं म्हणून ब्लॅडरला टाल्कम पावडर लावतात असं वाचलं होतं, ती मी आधीच लावून बसलो आणि मग आठवलं की त्या बारीक भोकाचा पॅच राहिलाय. पुसला म्हटलं, फडक्याने. पॅच दुसऱ्या दिवशी सालासारखा निघाला. मग दोनदा अल्कोहोलने पुसून परत लावला तेव्हा बसला. म्हणजे पावडर सगळ्यात शेवटी, हे कोणी करत असाल तर लक्षात ठेवा.

दोरीने ओढून घातलं, १० मिनिटांत गेलं, पण फुगवल्यावर एका जागी दोरखंडासारखा पीळ दिसला. परत सगळी हवा काढली, हात घालून सरळ केलं, थोडी हवा भरली, परत काढली, असं तीन वेळा, मग बसलं जागेवर. पूर्ण प्रेशर चौथ्या वेळी दिलं. रात्रभर ठेवला, सकाळी थोडासाच मऊ, तो गारव्याचा असावा, कारण दुपारी आपोआप परत टाईट झाला. फिटर दादांची आठवण आली तेव्हा.

कॅनोपी ताईंकडे झाली. ब्लॅडर बाहेर असतानाच नेली होती. ताईंनी आधी जुन्या कापडाच्या तुकड्यावर टाका मारून बघितला, ओढून बघितला, मगच माझ्या काईटला सुई लावली. पैसे घेत नव्हत्या, म्हणाल्या पहिल्यांदाच केलंय, टिकलं तर द्या. डेक्रॉनला चिकटपट्टी लावलीय.

खारावारा

एक नंबर. पहिले दोन दिवस किनाऱ्याजवळ, जिथं उभं राहता येतं तेवढ्याच पाण्यात उडव, आणि दर वेळी बाहेर आलास की पॅचवरून हात फिरव. आणि यावेळी आल्यावर धुवून, सावलीत वाळवून मग बॅगेत.

सुईदोरा_नाशिकरोड

उडाल्याचा फोटो टाका दादा, मुलाला दाखवायचाय. तो म्हणतो आई तू पतंग शिवलास, खोटं बोलतेस.

पंचवटीकर_७

पॅच उरलेत का रे ते? माझ्या पुतण्याचा हवेचा टब गेल्या रविवारी फुस्स झालाय.

वारावेडा_नाशिक

उरलेत दादा, पण ए प्रकारचे आहेत. तुमच्या टबला बी लागतील.